लाल मातीतली शिस्त

कोल्हापूरच्या जुन्या पेठांमध्ये तालीम ही त्या त्या गल्लीच्या हक्काची जागा असते. गंगावेश, शाहूपुरी, मोतीबाग, काळाइमाम, बाबूजमाल ही नावे शहराबाहेरच्या कुस्तीशौकिनांनाही पाठ आहेत. आतली मांडणी साधी: मध्ये लाल मातीचा हौदा, भिंतीवर मारुती, कोपऱ्यात मुद्गल, वर बांधलेला दोर. दक्षिण महाराष्ट्रातल्या शेतकरी आणि कष्टकरी घरांतली मुले पिढ्यान्‌पिढ्या स्वतःला आवर घालायला शिकली ती इथे. निग्रह हा एकेकट्या माणसाच्या मनाचा गुण मानला जातो, पण तालमीचा इतिहास पाहिला तर जागा, वेळ, वस्ताद आणि सोबती मिळून तो घडवतात असेच दिसते.

महाराष्ट्रातल्या बलोपासनेची परंपरा सांगताना समर्थ रामदासांचे नाव पहिले येते. सतराव्या शतकात त्यांनी सातारा, सांगली, कोल्हापूर या पट्ट्यात अकरा मारुती स्थापन केले आणि मारुती हे बळाचे दैवत गावोगावच्या तरुणांपुढे ठेवले. आजही मारुतीशिवाय तालीम सापडणे कठीण. पेशवाईच्या अखेरच्या काळात दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवी घडण दिली, असे परंपरा मानते. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली आणि बाजीराव ब्रह्मावर्ताला, म्हणजे बिठूरला, गेला. त्याच्याबरोबर बाळंभटदादाही गेले, त्यामुळे ही विद्या गंगाकाठी पोचली. इकडे मात्र फौजा मोडल्या आणि अंगमेहनतीच्या जोरावर चाकरी मिळवण्याची वाट अरुंद झाली. पुढचा आधार संस्थानांनी दिला. बडोद्यात माणिकरावांनी जुम्मादादा व्यायाममंदिरातून देशी व्यायामाला पद्धतशीर शिक्षणाचे रूप दिले. पुढे १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन करणारे स्वामी कुवलयानंद हे त्यांचेच शिष्य. संस्थानांबाहेर, अमरावतीला १९१४ मध्ये वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू केले.

कोल्हापूरची गोष्ट या सगळ्यांपेक्षा वेगळी झाली, ती राजर्षी शाहू महाराजांमुळे. १८९४ मध्ये गादीवर आलेले महाराज स्वतः मेहनतीचे शौकीन होते. त्यांनी मल्लांना राजाश्रय दिला, तालमींना मदत केली, उत्तरेकडचे नामांकित पैलवान कोल्हापुरात आणले. १९०२ च्या युरोप प्रवासात त्यांनी रोमचे प्राचीन क्रीडागृह पाहिले. त्या धर्तीवर कोल्हापुरात खासबाग मैदान उभे राहिले आणि १९१२ मध्ये ते कुस्तीसाठी खुले झाले. मधला आखाडा आणि भोवती चढत गेलेली बैठक अशी त्याची रचना असल्याने शेवटच्या रांगेतल्या माणसालाही डाव दिसतो. शिस्तीच्या दृष्टीने या मैदानाचे महत्त्व मोठे आहे. पहाटेच्या अंधारात, कोणी पाहत नसताना केलेल्या मेहनतीला हजारो डोळ्यांसमोर कसाला लावणारी जागा त्यामुळे मिळाली. समोर मैदानाची तारीख असली की पहाटे उठण्याला अर्थ येतो.

तालमीचा दिवस पहाटे तीन-चारला सुरू होतो. पहिले काम हौदा उकरण्याचे. ताक, तेल, हळद, लिंबू, काव, कापूर घालून कसलेली माती रोज खालीवर करावी लागते, नाहीतर ती दगडासारखी बसते आणि पडणाऱ्याला इजा होते. नव्या पोराच्या हाती आधी खोरे येते. खांदे, कंबर आणि मनगट त्यातच तयार होतात, आणि आपल्याआधी आलेल्यांसाठी राबल्याशिवाय मातीत उतरता येत नाही हेही तिथेच कळते. मग जोर, बैठका, दोर चढणे, आणि वस्ताद लावील त्या जोडीशी लढत. दुपारी सक्तीची झोप, संध्याकाळी पुन्हा मेहनत, रात्री लवकर अंथरूण. तालमीतच राहणारी मुले आळीपाळीने स्वयंपाक करतात, कुंडीत बदाम घोटून थंडाई करतात. विडी-तंबाखू, दारू, जागरण, तमाशाचा नाद यांना तालमीत थारा नाही. लंगोटाचे पथ्य म्हणजे ब्रह्मचर्य, आणि कुस्ती ऐन भरात असेपर्यंत अनेकांची लग्ने लांबवली जात.

या सगळ्यावर वस्तादाची नजर असते. कोणाचा खुराक कमी पडतो, कोण रात्री बाहेर गेला होता, कोणाच्या अंगात जोर असून मनात भीती आहे, हे त्याला बोलण्याआधी कळते. वस्ताद बहुधा स्वतः उतरत्या वयाचा मल्ल असतो. त्यामुळे त्याच्या शब्दाला जे वजन येते, ते कुठल्याही लेखी नियमाला येत नाही. दुसरा धाक घरचा. पैलवानाचे दूध, तूप, बदाम, मटण शेतकऱ्याला परवडणारे नसते. घरची म्हैस त्याच्यासाठी राखली जाते, भावंडांच्या वाट्याचे त्याच्या ताटात पडते. पहाटे डोळा उघडत नाही तेव्हा हे ऋणच त्याला उठवते. तालमीतल्या शिस्तीचे हे मूळ फारसे सांगितले जात नाही, पण सर्वांत भक्कम तेच आहे.

या व्यवस्थेचे सर्वांत मोठे फळ म्हणजे कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. वडील दादासाहेब स्वतः मल्ल असल्याने मातीची ओळख घरातच झाली. कोल्हापुरात राजाराम कॉलेजात शिकताना ते कुस्तीत पुढे आले आणि १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये सहावे आले. मातीवर वाढलेल्या मल्लाला गादीवरच्या, म्हणजे मॅटवरच्या, कुस्तीच्या नियमांशी तिथे झगडावे लागले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकसाठी पैशांची जुळवाजुळव करताना गावकऱ्यांनी वर्गणी काढली आणि कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवले. खाशाबांनी कांस्यपदक आणले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्या पदकात एका माणसाचा निग्रह आहे, तसा तो टिकावा म्हणून स्वतःला झीज लावून घेणाऱ्या अनेकांचाही आहे.

संस्थाने विलीन झाल्यावर राजाश्रय संपला, तरी तालमी ओस पडल्या नाहीत. गावोगावच्या जत्रांची मैदाने होतीच. १९५३ मध्ये मामासाहेब मोहोळ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद स्थापन झाली आणि १९६१ पासून महाराष्ट्र केसरी हा किताब मल्लांचे ध्येय बनला. त्याआधीच शाहूपुरी तालमीच्या श्रीपती खंचनाळे यांनी १९५९ मध्ये पहिला हिंदकेसरी होण्याचा मान मिळवला होता. कवठेपिरानच्या मारुती माने यांनी १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत पदके आणली. सहकारी साखर कारखान्यांनी मल्लांना मानधन देऊन खुराकाचा भार काही प्रमाणात उचलला.

पेठांमध्ये तालीम कुस्तीपुरती कधीच नव्हती. गणपती, मोहरमचे पंजे, पूर आला की मदत, गल्लीतले तंटे हे सगळे तिथूनच चालत आले. बाबूजमाल तालमीत हिंदू आणि मुसलमान दोघांचीही श्रद्धा एकाच छताखाली नांदते. पुढे याच तालीम मंडळांनी फुटबॉलचे संघ उभे केले. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा ही तालमींची नावे आज कोल्हापुरात मैदानावरच्या संघांची म्हणून घेतली जातात.

या शिस्तीची किंमतही मोजावी लागली. वस्तादाला प्रश्न विचारायची सोय नव्हती. ऐन उमेदीत गुडघा किंवा खांदा निकामी झालेल्या मल्लाला, शिक्षण अर्धवट सुटलेले असल्याने, पुढे आधार उरत नसे. आणि मुलींना हौद्यात पाऊल ठेवायची मुभा नव्हती. अर्धा समाज दाराबाहेर ठेवून चालवलेली ही शाळा होती, हे स्पष्ट म्हटले पाहिजे. तो बदल फार उशिरा आला: महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा २०२३ मध्ये सांगलीत झाली.

आता बहुतेक तालमींत मातीशेजारी गादीही आली आहे. महाराष्ट्र केसरीत माती आणि गादी असे दोन विभाग असतात आणि दोन्हींचे विजेते किताबाच्या गदेसाठी एकमेकांशी लढतात. गादीला रोज उकरावे लागत नाही, त्यामुळे नव्या मल्लाच्या दिवसातले खोऱ्याचे काम कमी झाले. पहाटेची वेळ, वस्तादाची नजर आणि खुराकाचा घरावर पडणारा भार मात्र तसाच आहे.