आगीपाशी हुकूम कोणाचा

लालबाग-परळच्या चाळींत ज्यांचे आजे-पणजे रत्नागिरीकडून बोटीने किंवा साताऱ्याकडून घाट उतरून गिरणीच्या पाळीवर आले, त्यांना वणवा म्हणजे काय हे कोणी समजावून सांगण्याचे कारण नव्हते. फाल्गुन-चैत्रात गावाकडचे डोंगर पेटत, माणसे ओल्या डहाळ्या घेऊन धावत आणि आगीच्या वाटेवरचे गवत आपणच आधी जाळून तिला उपाशी मारीत. जंगलखात्याने पुढे हीच युक्ती उचलून तिला जाळरेषा हे नाव दिले आणि ती आपल्या वार्षिक कामांच्या यादीत घातली. पण डोंगरावर जे जाळावयाचे ते गवत असते आणि त्याला धनी असला तरी तो फारसा भांडत नाही. शहरात तीच जाळरेषा आखावयाची म्हणजे कोणाचे तरी नांदते घर पाडावे लागते, कोणाची तरी भरलेली वखार मोडावी लागते. म्हणूनच मुंबईच्या आगींचा इतिहास हा पाण्याचा आणि बंबांचा जितका आहे, तितकाच, किंबहुना थोडा अधिकच, तो अखत्यारीचा इतिहास आहे असे माझे मत आहे.

या इतिहासाचे पहिले मोठे प्रकरण 17 फेब्रुवारी 1803 रोजी घडले. त्या काळची मुंबई म्हणजे मुख्यतः कोट. तटबंदीच्या आत गोऱ्यांची वस्ती, किल्ला, दारूगोळ्याचे कोठार, जकातघर आणि उत्तरेकडच्या बझारगेटच्या अंगाला पारशी, गुजराती, बोहरी व्यापाऱ्यांची लाकडी माड्यांची घरे एकमेकांना खेटून उभी होती. नळ नव्हते, पाणी होते ते विहिरींत, तळ्यांत आणि भिश्तींच्या पखालींत. अशा वस्तीत आग शिरल्यावर जे व्हावयाचे तेच झाले. बाजाराचा बहुतेक भाग, सैनिकांच्या बराकी आणि प्रार्थनास्थळे धरून चारशेंहून अधिक इमारती भस्मसात झाल्या; नोंद 471 घरांची आहे. ज्वाळा किल्ल्यातील दारूच्या कोठाराकडे सरकू लागल्या तेव्हा गव्हर्नर जोनाथन डंकन यांच्या सरकारने जो उपाय योजला तो आज वाचताना अंगावर काटा येतो: किल्ल्यालगतच्या घरांवर तोफा डागून ती जमीनदोस्त करण्यात आली आणि त्या रिकाम्या पट्ट्याशी येऊन आग थांबली. गलबतांवरच्या शत्रूसाठी आणलेल्या तोफा अशा रीतीने रयतेच्याच घरांवर चालल्या. हा अन्याय होता की शहाणपण, हे ज्याचे घर पडले त्याला आणि ज्याचे वाचले त्याला वेगवेगळे वाटले असणार. पण एक गोष्ट निर्विवाद आहे, की हुकूम कोणी द्यावयाचा याबद्दल त्या दिवशी कोणाच्याही मनात संदेह नव्हता. कंपनी सरकारच्या हाती फौज होती, आरमार होते, जमीन होती आणि विचारणारा कोणी नव्हता.

या आगीने शहराचा नकाशाच हलविला. कोटाबाहेरचे एस्प्लनेडचे मैदान तोफांच्या माऱ्याला मोकळे असावे म्हणून राखलेले होते. ते आता अधिकच कसोशीने मोकळे राखण्यात आले आणि व्यापाऱ्यांनी कोटात पुन्हा दाटीवाटीने बांधण्यापेक्षा मैदानापलीकडे जावे असा सरकारचा आग्रह सुरू झाला. लोकांनी तो एकदम मानला असे नव्हे, पिढीजात पेढी सोडावयास कोण सहजासहजी तयार होतो? तरीही पुढच्या काही दशकांत मांडवी, भुलेश्वर, काळबादेवी ही ठिकाणे गजबजली आणि त्यांच्या पलीकडे नारळीच्या बागांतून गिरगावच्या वाड्या आकारास आल्या. विनोद असा, की कोटातली दाटी आगीला कारण म्हणून जी वस्ती बाहेर काढावयाची, तिने बाहेर येऊन पन्नास-साठ वर्षांत तितकीच दाटी केली. गिरगावातील जुन्या वाडीत शिरून पाहावे: तोंडाशी जेमतेम एक गाडी जाईल एवढी वाट, आत सागवानी खांबांच्या दुमजली-तिमजली चाळी, लाकडी कठड्यांच्या गॅलऱ्या, लाकडी जिने आणि जिन्याखाली पिढ्यान्‌पिढ्यांचे अडगळीचे सामान. आगीला याहून प्रशस्त निमंत्रण ते काय द्यावयाचे?

आग विझविण्याचे काम नियमित खाते म्हणून सुरू झाले ते 1855 मध्ये, आणि तेही पोलिसांच्या गळ्यात एक जादा काम म्हणून. चोर पकडणाऱ्यानेच आगही पकडावी असा तो हिशेब होता. 1860 मध्ये विहारचे पाणी नळाने शहरात आले, घोड्यांनी ओढावयाचे बंब आले आणि पोलीस कमिशनर सर फ्रँक सूटर यांच्या दीर्घ कारकिर्दीत हा बंदोबस्त पोलिसांकडेच राहिला. याच सुमारास लंडनमध्येही असाच प्रश्न ऐरणीवर आला होता. तेथे 1861 मध्ये टूली स्ट्रीटच्या वखारींना लागलेल्या आगीत विमा कंपन्यांच्या अग्निदलाचा प्रमुख जेम्स ब्रेडवुड भिंत कोसळून ठार झाला, तेव्हा कंपन्यांनी हात टेकले आणि 1865 च्या कायद्याने ते काम सार्वजनिक संस्थेकडे गेले. मुंबईने हा धडा आपल्या सवडीने गिरविला. 1887 मध्ये अग्निशमन दल म्युनिसिपालिटीच्या अंमलाखाली आले, 1888 च्या महापालिका कायद्याने ते तिचे कर्तव्य ठरले आणि 1890 मध्ये लंडनच्याच दलातील निकल्स नावाचा गृहस्थ त्याचा प्रमुख म्हणून आला. त्या कायद्यात आगीच्या जागी हजर असलेल्या बंबाच्या अधिकाऱ्याला रस्ता बंद करण्याचा, आड येणाऱ्याला हटविण्याचा, इतरत्र जाणारे पाणी तोडून आगीकडे वळविण्याचा आणि जरूर तर इमारत फोडून आत शिरण्याचा किंवा पाडून टाकण्याचा अधिकार दिलेला आहे. डंकन सरकारने जे तोफेने केले तेच आता कलमाने, पंचांच्या कौलाची वाट न पाहता, एका गणवेशातील नोकराला करता येऊ लागले. मुंबईच्या नागरी कारभारातील ही क्रांती फारशी कोणाच्या लक्षात आलेली दिसत नाही. पाणी आणि गटारे यांवर सभागृहांत जेवढी भाषणे झाली, त्यांच्या शतांशानेही ती यावर झाली नसतील.

गिरण्यांचा मामला निराळा होता. परळ-लालबागच्या गिरण्यांत कापूस उघडण्याच्या खात्यात, म्हणजे ब्लोरूममध्ये, गाठीत राहिलेला एखादा खिळा किंवा पट्टीचा तुकडा यंत्राच्या दात्यांवर आपटला की ठिणगी पडे आणि हवेत तरंगणाऱ्या तंतूंतून ती क्षणात छतापर्यंत जाई. बंब येईपर्यंत थांबण्याची सोयच नव्हती. म्हणून गिरण्यांनी छताला पाण्याचे फवारे बसविले आणि त्यांना दाब मिळावा म्हणून उंच मनोऱ्यावर टाकी बांधली. गिरणगावच्या आकाशात भोंग्याच्या चिमणीशेजारी जो चौकोनी मनोरा दिसे, तो शोभेचा नव्हता, विम्याचा हप्ता कमी करणारा होता. तेथे हुकूम मालकाचा, आणि मालकावर विमा कंपनीचा.

परंतु या साऱ्या तजविजीची खरी परीक्षा झाली ती 14 एप्रिल 1944 रोजी, व्हिक्टोरिया गोदीत. फोर्ट स्टिकीन नावाचे मालवाहू जहाज बर्कनहेडहून निघून कराचीमार्गे 12 तारखेस मुंबईत लागले होते. त्यावर सुमारे 1,400 टन दारूगोळा होता. कराचीत 8,700 कापसाच्या गाठी चढविल्या होत्या, तेलाची पिंपे होती, इमारती लाकूड होते आणि लाकडी खोक्यांत सोन्याच्या विटा होत्या. शांततेच्या काळात दारूगोळ्याचे जहाज धक्क्याला लावीत नसत, पाण्यात दूर उभे करून माल पडावांत उतरवून घेत. युद्धाच्या घाईत तो नियम बाजूला पडला. स्फोटकांच्या खालच्या कप्प्यात कापूस, ही रचना ज्याने मान्य केली त्याच्या डोळ्यांपुढे फक्त जागेची टंचाई होती.

दुपारी दोनच्या सुमारास दोन नंबरच्या खणातून धूर दिसला. बंब आले, पुढे दलाचे प्रमुख नॉर्मन कूम्ब्स स्वतः आले. बत्तीस नळ लावून सुमारे 900 टन पाणी खणात ओतले गेले, आणि येथेच दैवाने उलटा डाव टाकला: पाणी चढले तसा पेटलेला कापूस त्यावर तरंगत वर, स्फोटकांकडे सरकू लागला. जहाजाच्या बाहेरच्या बाजूला एका जागी रंगाला फोड येऊ लागले, म्हणजे आग नेमकी त्या पत्र्यामागे होती. पोलाद कापून तेथून पाणी सोडावे म्हणून यंत्र मागविले, तर ते चालेना. भोवतालचे पाणी उकळू लागले. आता हे पाहावे की त्या धक्क्यावर अधिकारी किती होते. दारूगोळा खात्याचा अधिकारी म्हणत होता, जहाज आहे तेथेच बुडवा. गोदीचे व्यवस्थापक म्हणत होते, ओढून समुद्रात न्या. जहाजाची यंत्रे दुरुस्तीसाठी खोललेली होती. कूम्ब्स यांचा भरवसा पाण्यावर होता. कप्तान नेस्मिथ यांचा निर्णय होईना. प्रत्येकजण आपल्या खात्यापुरता बरोबर होता. गोदी पोर्ट ट्रस्टची, माल लष्कराचा, जहाज ब्रिटिश सरकारचे, बंब म्युनिसिपालिटीचे. 1888 च्या कायद्याने इमारत पाडण्याचा अधिकार ज्याला दिला होता, त्याला जहाज बुडविण्याचा अधिकार आहे असे तेथे कोणालाही वाटले नाही आणि त्यालाही वाटले नसावे. सुमारे दोन तास असे सल्लामसलतीत गेले.

4 वाजून 6 मिनिटांनी पहिला स्फोट झाला. गोदीच्या मनोऱ्यावरचे घड्याळ त्याच वेळेवर थांबले. अर्ध्या तासाच्या आत दुसरा, त्याहून मोठा. शिमल्याच्या भूकंपमापकाने हादरा नोंदविला, जलपद्म नावाचे जहाज उचलले जाऊन धक्क्यावर आदळले, आणि जळत्या कापसाचे बोळे मांडवीच्या वखारींवर नि चाळींवर पावसासारखे पडले. दलाचे 66 जवान तेथेच गेले. एकूण मृतांचा आकडा आठशेपासून तेराशेपर्यंत सांगितला जातो. सुमारे ऐंशी हजार लोक बेघर झाले. आग आटोक्यात यावयास तीन दिवस लागले आणि नंतर आठ हजार माणसे सात महिने ढिगारे उपशीत होती. सोन्याची एक वीट सुमारे मैलभर अंतरावरच्या घराचे छप्पर फोडून आत पडली आणि घरमालकाने ती इमानाने सरकारजमा केली, ही गोष्ट मुंबईकर अजून चवीने सांगतात.

सरकारचे पहिले काम मात्र बातमी दाबण्याचे होते. जपान्यांच्या ताब्यातील सैगाव रेडिओने दुसऱ्याच दिवशी ती जगाला सांगितली. ज्या शहराच्या खिडक्या फुटल्या होत्या, त्या शहरातील वर्तमानपत्रांना सविस्तर छापावयास मे महिना उजाडावा लागला. नुकसानभरपाईसाठी त्याच वर्षी खास वटहुकूम निघाला, चौकशी मंडळ बसले आणि त्याने कापसाची चुकीची रचना, युद्धकालीन सूट आणि आगीचे गांभीर्य वेळीच न ओळखणे अशी कारणे नोंदविली. चौथे कारण, म्हणजे शेवटचा शब्द कोणाचा हे ठरलेले नसणे, अहवालाच्या ओळींमधून वाचावे लागते. 14 एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन दिन म्हणून पाळला जातो आणि त्यापुढचा आठवडा अग्निसुरक्षा सप्ताह असतो.

स्वतंत्र भारतात अधिकार वाढले. महाराष्ट्राने 2006 मध्ये आग प्रतिबंधाचा स्वतंत्र कायदा केला आणि धोक्याची इमारत आग लागण्यापूर्वीच बंद करण्याची मुखत्यारी अधिकाऱ्यांना मिळाली. ती वापरली किती जाते याचा दाखला 29 डिसेंबर 2017 च्या मध्यरात्री लोअर परळच्या कमला मिल्सच्या आवारात गच्चीवरच्या उपाहारगृहांतील आगीने 14 जीव घेऊन दिला. जेथे एके काळी विम्याच्या धाकाने पाण्याची टाकी बांधीत, तेथे आता ताडपत्रीखाली मेजवान्या चालत होत्या. आणि त्याच्या दोन वर्षे आधी, 9 मे 2015 रोजी, काळबादेवीच्या गोकुळ निवास या जुन्या लाकडी इमारतीची आग विझविताना ती कोसळली. संजय राणे आणि महेंद्र देसाई हे अधिकारी ढिगाऱ्याखाली गेले. उपप्रमुख सुधीर अमीन आणि दलाचे प्रमुख सुनील नेसरीकर हे भाजलेले अधिकारी त्याच महिन्यात रुग्णालयात निवर्तले. 1803 नंतर कोटातून बाहेर पडलेल्या बाजाराने जी दाटी उभी केली, तिच्याच एका गल्लीत ही इमारत होती. आणि आत शिरावयाचे की नाही, हा निर्णय त्या दिवशी दलाच्या सर्वोच्च अधिकाऱ्याने कोणालाही न विचारता घेतला आणि तो स्वतः पुढे राहिला.