माहीमची नागवेल आणि भाऊसाहेबांचा तोतया

१/ पालघरजवळचे माहीम नागवेलीच्या पानांसाठी प्रसिद्ध आहे. नागवेल बियांपासून लावत नाहीत. जुन्या वेलीची कांडी रोवतात. म्हणून नवी वेल ही जुनीचीच प्रत असते.

२/ 'क्लोन' या शब्दाचे मूळही अशाच लागवडीत आहे. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ डहाळी. १९०३ मध्ये हर्बर्ट वेबर यांनी तो अशा रोपांसाठी योजला. विज्ञानकथांनी पुढे तो माणसाला लावला आणि विचारले: हुबेहूब दिसणारा तोच माणूस ठरतो का?

३/ मराठी दौलतीपुढे हा प्रश्न प्रत्यक्षात उभा राहिला होता. १४ जानेवारी १७६१ रोजी सदाशिवरावभाऊ पानिपतावर पडले. पुढे एक कनोजी ब्राह्मण 'मीच भाऊ' असे सांगू लागला. त्याला रत्नागिरीस कैदेत ठेवले गेले.

४/ १७७६ मध्ये तेथील मामलेदार रामचंद्र नाईक परांजपे यांनीच त्याला सोडले. पेशवाई गृहकलहाने पोखरलेली होती; अनेकांना भाऊ परतलेले हवेच होते. कोकणातील किल्ले भराभर त्याच्याकडे गेले.

५/ अखेर महादजी शिंदे व भिवराव पानसे यांनी बंड मोडले, आंग्र्यांनी तोतयास पकडले. पुण्यात पंचांसमोर चौकशी होऊन डिसेंबर १७७६ मध्ये त्याला देहान्त शासन झाले.

६/ भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई मात्र १७८३ मध्ये मृत्यू येईपर्यंत सौभाग्यचिन्हे राखून राहिल्या. ज्या आशेवर त्या जगल्या, त्याच आशेने तोतयाला सैन्य मिळवून दिले होते.