मोबाइलमधील चित्रफीत डीव्हीडीवर : एका रूपांतराचा इतिहास

साधारण २००७ सालची गोष्ट. आमच्या परिचयाच्या एका शाळेतील नववीच्या विद्यार्थिनीने आपल्या आजीच्या जात्यावरच्या ओव्या मोबाइलवर टिपल्या. गॅदरिंगमध्ये त्या दूरचित्रवाणी संचावर दाखवाव्यात असे ठरले. आम्ही मोबाइलमधील फाईल जशीच्या तशी कोऱ्या डीव्हीडीवर उतरवली आणि तबकडी प्लेअरमध्ये घातली. प्लेअरने ती ओळखलीच नाही. शेवटी तालुक्याच्या गावी जाऊन तिचे रूपांतर करून आणले. आता चित्र दिसू लागले, पण आजीचा चेहरा चौकोनी ठिपक्यांचा झाला होता आणि जात्याची घरघर ओळखू येत नव्हती. मुलीने विचारले, "तबकडीवर जागा होती, फाईलही धड होती. मग प्लेअरला ती का चालली नाही? आणि चालवून घेताना आजीचा चेहरा कुठे गेला?"

पहिल्या प्रश्नाचे तांत्रिक उत्तर एका वाक्यात देता येते. प्लेअरमधील चिप एका विशिष्ट पद्धतीने लिहिलेली चित्रेच वाचू शकते आणि मोबाइलची पद्धत वेगळी असते. पण या दोन पद्धती मुळात वेगळ्या का झाल्या, हे समजून घ्यायचे तर इतिहासात थोडे मागे जावे लागते.

विजेचा ठेका

दूरचित्रवाणीवर हलते चित्र दिसते ते स्थिर चित्रे भराभर दाखवल्यामुळे. ही चित्रे सेकंदाला किती असावीत, हे ठरले घरात येणाऱ्या विजेवरून. युरोपात विजेचा प्रवाह सेकंदाला ५० आवर्तने करतो, अमेरिकेत ६०. पडद्याचा ठेका विजेच्या ठेक्याशी जुळला नाही, तर चित्रावर सरकणारे पट्टे दिसत. म्हणून युरोपात सेकंदाला २५ चित्रे आली आणि अमेरिकेत ३०. प्रत्येक चित्र दोन हप्त्यांत रंगवले जाई : आधी विषम ओळी, मग सम ओळी. त्यामुळे अर्ध्या चित्रांची संख्या विजेच्या आवर्तनांइतकीच होई. युरोपीय चित्रात ६२५ ओळी होत्या, अमेरिकी चित्रात ५२५. १९५३ साली अमेरिकेत रंग आले, तेव्हा रंगाचा संकेत आणि ध्वनीचा संकेत यांची सरमिसळ होऊ नये म्हणून ३० चा आकडा किंचित घटवून २९.९७ करण्यात आला.

भारतात विजेची आवर्तने ५० आहेत. दिल्लीत १९५९ साली आणि मुंबईत १९७२ साली दूरचित्रवाणी सुरू झाली ती ६२५ ओळींची, आणि १९८२ साली रंग आले ते 'पाल' या पद्धतीचे. आपल्याकडील डीव्हीडी सेकंदाला २५ चित्रे का दाखवते, याचे मूळ अशा रीतीने आपल्या वीजघरांत सापडते.

एक सुंदर भागाकार

पुढे चित्र अंकांत लिहिण्याची वेळ आली. दोन्ही पद्धतींना चालेल असे माप हवे होते. १९८२ साली झालेल्या आंतरराष्ट्रीय समझोत्यात असे ठरले की, सेकंदाला १ कोटी ३५ लाख वेळा चित्राचे मापन करायचे. वर्गात हा भागाकार जरूर करून पाहावा. ६२५ ओळी गुणिले २५ चित्रे म्हणजे सेकंदाला १५,६२५ ओळी. १,३५,००,००० भागिले १५,६२५ म्हणजे प्रत्येक ओळीत नेमकी ८६४ मापने. अमेरिकी पद्धतीत हेच उत्तर ८५८ येते. दोन्ही पूर्णांक! यांपैकी प्रत्यक्ष चित्राची मापने दोन्हीकडे ७२० धरली गेली. ६२५ ओळींपैकी ५७६ चित्रासाठी ठरल्या. ७२० गुणिले ५७६ हा डीव्हीडीच्या चौकटीचा आकार येथून आला.

कोज्येची करामत

मात्र मोठी अडचण पुढेच होती. ७२० गुणिले ५७६ म्हणजे ४,१४,७२० बिंदू. प्रत्येक बिंदूला ३ बाइट आणि सेकंदाला २५ चित्रे धरली, तर दर सेकंदाला सुमारे ३ कोटी ११ लाख बाइट लागतात. डीव्हीडीच्या एका थरात सुमारे ४७० कोटी बाइट मावतात. म्हणजे एका तबकडीवर जेमतेम अडीच मिनिटांचे चित्र बसेल आणि दोन तासांच्या चित्रपटाला सुमारे ४८ तबकड्या लागतील!

यातून वाट काढली ती गणिताने, आणि त्यात बंगळूरला जन्मलेल्या आणि तेथेच अभियांत्रिकी शिकलेल्या नासिर अहमद यांचा वाटा मोठा आहे. अमेरिकेत अध्यापन करीत असताना १९७२ साली त्यांनी कोसाइन, म्हणजे आपली कोज्या, वापरून चित्रे संक्षिप्त करण्याच्या अभ्यासासाठी अनुदान मागितले. ते नाकारण्यात आले. तरीही त्यांनी काम चालू ठेवले आणि १९७४ साली टी. नटराजन व के. आर. राव यांच्यासह आपला शोधनिबंध प्रसिद्ध केला. हेच ते 'डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म', थोडक्यात डीसीटी.

त्यातील कल्पना साध्या उदाहरणाने समजते. चित्रातील शेजारशेजारच्या आठ बिंदूंची तेजस्विता ५०, ५२, ५३, ५५, ५६, ५८, ५९, ६१ अशी आहे. आठ आकडे लिहिण्याऐवजी आपण म्हणू शकतो : "सरासरी ५५.५, आणि डावीकडून उजवीकडे सावकाश चढ." दोन गोष्टींत जवळजवळ सगळे आले. डीसीटी हेच काम आठ गुणिले आठ बिंदूंच्या चौकोनांवर करते. सावकाश होणारे बदल नीट जपले जातात. बारीक, झटपट होणारे बदल डोळ्याला फारसे जाणवत नाहीत, म्हणून ते ढोबळपणे लिहिले जातात किंवा टाकून दिले जातात. शिवाय लागोपाठच्या चित्रांत जे बदलले तेवढेच पुन्हा लिहिले जाते.

१९८८ साली स्थापन झालेल्या एमपेग या तज्ज्ञगटाने या युक्त्यांना प्रमाणरूप दिले. एमपेग-१ हे प्रमाण १९९३ साली आले आणि त्यावर व्हीसीडी चालली. १९९५ च्या एमपेग-२ वर डीव्हीडी उभी राहिली. डीव्हीडीचे पहिले प्लेअर १९९६ च्या नोव्हेंबरात जपानमध्ये विक्रीस आले.

मोबाइलचे वेगळे घराणे

मोबाइलची चित्रफीत जन्मली ती दूरध्वनीच्या घरात. दूरध्वनीच्या तारेतून चित्र पाठवण्यासाठी १९८८ ते १९९० या काळात एच.२६१ हे प्रमाण तयार झाले. त्यातही तडजोड होती : ओळी युरोपच्या निम्म्या, म्हणजे २८८, आणि चित्रांचा वेग अमेरिकेचा. या ३५२ गुणिले २८८ च्या चौकटीचा चतुर्थांश म्हणजे १७६ गुणिले १४४. पुढे १९९६ च्या सुमारास एच.२६३ आले. १९९८ साली स्थापन झालेल्या थ्रीजीपीपी या संघटनेने मोबाइलसाठी प्रमाणे ठरवली. जुन्या मोबाइलमधील फाईलच्या नावापुढे 'थ्रीजीपी' अशी अक्षरे असत ती यामुळे. आवाजासाठी बहुधा एएमआर ही पद्धत असे. ती बोलण्यासाठी घडवलेली, सेकंदाला फक्त ८,००० मापने घेणारी. माणसाचे बोलणे ती बऱ्यापैकी जपते. जात्याची घरघर हे तिच्या दृष्टीने बोलणे नव्हेच.

डीव्हीडीची चिंता होती मोठा पडदा कसा भरावा ही, तर मोबाइलची चिंता होती अरुंद वाटेतून कसे जावे ही. दोघांच्या मुळाशी डीसीटीच आहे. फरक पडला तो त्यावर रचलेल्या नियमांत.

रूपांतरात काय घडते?

रूपांतर करणारा संगणक प्रथम मोबाइलची फाईल पूर्ण उलगडतो आणि बिंदूंची चित्रे परत मिळवतो. मग चौकट ताणतो. १७६ गुणिले १४४ म्हणजे २५,३४४ बिंदू; ते ४,१४,७२० जागांवर पसरायचे. म्हणजे एका बिंदूला सुमारे १६ घरे! सेकंदाला १५ चित्रे असतील, तर दर तीन चित्रांची पाच करण्यासाठी दोन चित्रे पुन्हा दाखवावी लागतात. आवाजाची मापने ८,००० वरून डीव्हीडीच्या ४८,००० वर नेली जातात. शेवटी सारे एमपेग-२ मध्ये नव्याने लिहिले जाते, म्हणजे पुन्हा एकदा काही तपशील टाकले जातात. २००० साली सुरू झालेल्या एफएफएमपेग या मुक्त प्रणालीला 'पाल-डीव्हीडी' एवढे एकच लक्ष्य सांगितले, तरी यातील बहुतेक आकडे ती स्वतः लावून घेते. मोबाइलने जे टिपलेच नाही, ते मात्र कोणतीही प्रणाली परत आणू शकत नाही. आजीचा चेहरा तबकडीत हरवला नव्हता. बराचसा तो मोबाइलमध्येच राहून गेला होता, आणि उरलेल्यातील थोडा दुसऱ्या लेखनात गेला.

आज परिस्थिती उलटी आहे. १९२० गुणिले १०८० ही चौकट मोबाइलवर सर्वसाधारण झाली आहे. तिच्यात डीव्हीडीच्या पाचपट बिंदू असतात. म्हणजे आता ताणणे नाही, टाकणे आहे. आणि मोबाइल उभा धरून टिपलेले चित्र रुंद पडद्यावर एक तृतीयांशापेक्षाही कमी रुंदी व्यापते.

यातून एक गोष्ट ध्यानात घ्यावी. रूपांतरित प्रत दाखवण्यासाठी असते, जपण्यासाठी मूळ फाईल असते. त्या मुलीने मोबाइलमध्ये जागा होईना म्हणून, "आता डीव्हीडी आहेच" असे समजून मूळ फाईल पुसून टाकली होती. तसे करू नकोस, असे तिला सांगण्याचे आम्हालाही सुचले नाही. आजी गेल्यानंतर काही वर्षांनी ती तबकडी प्लेअरमध्ये अडखळू लागली. आम्ही ती संगणकावर उतरवून घेतली, पण हाती आले ते दोनदा गाळलेले चित्र. त्याच्या मागे जाण्याची वाट बंद झाली आहे.

आपल्या शाळांच्या कपाटांत अशा अनेक तबकड्या असतील : निरोपसमारंभ, सहली, आता हयात नसलेल्या शिक्षकांची भाषणे. त्या चालतात तोवर संगणकावर उतरवून ठेवाव्यात आणि कुणाच्या जुन्या मोबाइलच्या कार्डावर मूळ फाईल शिल्लक आहे का, हे विद्यार्थ्यांकरवी शोधावे. सापडल्यास तिची प्रत दोन ठिकाणी ठेवावी. तिचे नाव, तारीख आणि त्यात कोण आहे हेही कागदावर लिहून ठेवावे, कारण तो कागद वाचायला कोणतेही यंत्र लागणार नाही.