कॅमेऱ्याचे तंत्र आणि छायाचित्रकाराची निवड

बंगळुरू : कॅमेरा ही मुळात एक अंधारी खोली आहे, लॅटिन भाषेत या शब्दाचा अर्थच खोली असा होतो. कर्नाटकात त्याचा दाखला यंत्राशिवायही पाहता येतो. हंपीच्या विरूपाक्ष मंदिरात एका अंधाऱ्या दालनात लहानशा झरोक्यातून प्रकाश येतो आणि भिंतीवर राजगोपुराची उलटी प्रतिमा उमटते. प्रकाश सरळ रेषेत जातो. त्यामुळे शिखराकडून आलेले किरण भिंतीवर खाली पोहोचतात आणि पायथ्याकडचे वर.

झरोका मोठा केला तर प्रतिमा उजळते पण पुसट होते. लहान केला तर रेखीव होते पण मंदावते. ही अडचण भिंगाने दूर केली. भिंग मोठ्या छिद्रातून भरपूर प्रकाश घेते आणि एका बिंदूपासून निघालेले किरण पुन्हा एका बिंदूत आणते. मात्र हे काटेकोरपणे एकाच अंतरावरील वस्तूंबाबत साधते. पुढच्या-मागच्या वस्तू कमी-अधिक धूसर राहतात आणि छिद्र, म्हणजे ॲपर्चर, जितके मोठे तितकी ही धूसरता वाढते.

समजा, बंदिपूरच्या जंगलात ढगाळ सकाळी हत्तीण आणि तिचे पिल्लू समोर आहे. आयएसओ १००, ॲपर्चर एफ/८ आणि शटरचा वेग १/६० सेकंद असे गणित जुळते. पण धावणारे पिल्लू या वेगाला हललेले येईल. ॲपर्चर एफ/२.८ केले तर आठपट प्रकाश मिळतो आणि वेग १/५०० पर्यंत नेता येतो. आता पिल्लू स्थिर दिसेल, परंतु मागे उभी असलेली हत्तीण धूसर होईल. दोघेही स्पष्ट हवे असतील तर आयएसओ ८०० करावा लागेल आणि चित्रात रवाळपणा येईल. कॅमेरा हे पर्याय देतो. त्यांपैकी काय गमवायचे, हे माणसाने ठरवायचे असते.

संडूरच्या मराठा घोरपडे घराण्यातील एम. वाय. घोरपडे (१९३१–२०११) हे सत्तरच्या दशकात कर्नाटकाचे अर्थमंत्री होते, पण वन्यजीव छायाचित्रकार म्हणूनही त्यांची ओळख तेवढीच मोठी. ‘सनलाइट अँड शॅडोज’ हे त्यांचे पुस्तक १९८३ मध्ये प्रसिद्ध झाले. कृष्णधवल फिल्मवर काम करणाऱ्याला रंगांचा आधार नसतो. हिरव्या झाडीतून तपकिरी हरिण वेगळे काढायचे तर कडेने येणाऱ्या प्रकाशाचीच वाट पाहावी लागते.

हा प्रकाश बंगळुरूत दुपारी मिळत नाही. शहर सुमारे १३ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने २४ एप्रिल आणि १८ ऑगस्टच्या आसपास मध्यान्ही सूर्य थेट डोक्यावर येतो आणि उभ्या खांबाची सावली नाहीशी होते. खगोलप्रेमींना या दिवसाचे अप्रूप; चेहरा टिपणाऱ्याला मात्र डोळ्यांच्या जागी काळे खळगे मिळतात. अशा वेळी महागड्या कॅमेऱ्यापेक्षा एखाद्या ओसरीची सावली अधिक उपयोगी ठरते.

म्हैसूरचे टी. एस. सत्यन (१९२३–२००९) यांनी बंगळुरूच्या ‘डेक्कन हेरल्ड’मध्ये वृत्तछायाचित्रकार म्हणून काम केले. आंतरराष्ट्रीय बालक वर्षात, १९७९ मध्ये, त्यांनी टिपलेल्या मुलांच्या छायाचित्रांचे प्रदर्शन न्यूयॉर्कला संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयात भरले. साध्या माणसांचे रोजचे जगणे हा त्यांचा विषय. त्यांच्या चित्रांतील माणसे कॅमेऱ्यासाठी उभी राहिल्यासारखी वाटत नाहीत. हे कोणत्याही भिंगाने साधत नाही; त्यासाठी समोरच्याला आपली सवय होईपर्यंत थांबावे लागते.

आजचा मोबाइल एका स्पर्शात अनेक चित्रे घेऊन त्यांचे एक चित्र जुळवतो. छोट्या सेन्सरची उणीव त्यामुळे बरीच भरून निघते आणि रात्रीची चित्रेही उजळ येतात. घरगुती चित्राला यात वावगे काही नाही. निसर्ग छायाचित्रणाच्या स्पर्धांत मात्र चित्रात नसलेले घालणे किंवा असलेले काढणे सामान्यतः निषिद्ध असते.

दुसरा आक्षेप चित्र घेण्याच्या रीतीवर आहे. पूर्वी घरट्याजवळ आडोसा उभारून पक्षी टिपणे सर्रास चाले, कारण तेव्हाच्या भिंगांना आणि फिल्मला जवळीक आवश्यक होती. लांब पल्ल्याच्या भिंगांनी ती गरज बरीच कमी केली आहे, तरी विणीच्या हंगामात घरट्यांभोवती गर्दी होतेच. माणसांच्या वावराने बिथरलेले पक्षी कधी अंडी टाकून जातात. म्हणूनच अनेक संस्था आता घरट्यावरील चित्रे स्वीकारत नाहीत, मग ती कितीही रेखीव असोत.