धाव ते रेडियल : चाक मऊ असावं की टिकाऊ?

मोटारीचे टायर बदलायला गेलं की दुकानात प्रश्न ठरलेला असतो : आरामाचे देऊ की टिकाऊ? नवीन जालन्यातल्या दुकानांत आज विचारला जाणारा हा प्रश्न रबरी टायरपेक्षाही जुना आहे. त्याची सुरुवात बैलगाडीच्या चाकापासून होते.

सुतार लाकडी चाक करायचा आणि लोहार त्यावर तापवलेली लोखंडी धाव चढवायचा. गार होताना धाव आवळायची नि चाकाचे सांधे घट्ट बसायचे. अशी धाव वर्षानुवर्षं चालायची. पण दगडाचा दणका बसला की तो थेट माणसाच्या पाठीत नि बैलाच्या मानेवर. मराठवाड्याच्या वाटांवर आपल्या लोकांनी टिकाऊपणा निवडला, कारण दुसरा पर्यायच नव्हता.

हवेचा टायर मात्र जन्मला तोच आरामासाठी. स्कॉटलंडच्या रॉबर्ट थॉमसन यांनी १८४५ मध्ये त्याचं पेटंट घेतलं, पण ते विस्मरणात गेलं. पुढे बेलफास्टमधले जनावरांचे डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकी सायकलीला दणके बसू नयेत म्हणून हवेच्या नळ्या बसवल्या आणि १८८८ मध्ये पेटंट घेतलं. नंतर हेच रबर आपल्या बैलगाडीलाही लागलं. लोक तिला टायरगाडी म्हणू लागले. बैलाचा त्रास कमी झाला, पण पंक्चरची नवी कटकट मागे लागली. म्हणजे आराम मिळाला, पण फुकट नाही.

ही ओढाताण जुन्या टायरच्या रचनेतच होती. अ‍ॅम्बेसेडरच्या काळातल्या टायरमध्ये दोऱ्यांचे थर तिरके, एकमेकांना छेदून जायचे. टायर मजबूत करायला थर वाढवले, की बाजूची भिंतही ताठ व्हायची. १९४६ मध्ये फ्रान्सच्या मिशेलिन कंपनीनं रेडियलचं पेटंट घेतलं. त्यात दोरे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ नेले आणि रस्त्याला टेकणाऱ्या भागाखाली पोलादी तारांचा पट्टा घातला. भिंत लवचीक राहिली आणि पृष्ठभाग उशिरा झिजू लागला. आराम नि टिकाऊपणा पहिल्यांदाच एका टायरात बऱ्यापैकी नांदले. भारतात जे. के. टायरनं १९७७ मध्ये रेडियल आणला.

मग आज प्रश्न का उरला? कारण आपले रस्ते एकसारखे नाहीत. ११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला, आणि तो जालन्याजवळूनच जातो. सकाळी मोंढ्यातल्या खड्ड्यांतून गेलेली गाडी दुपारी सिमेंटच्या रस्त्यावर ताशी १२० किलोमीटरनं धावते. टायर तेच! गावात गाडी मऊ चालावी म्हणून काही जण हवा कमी ठेवतात. कमी हवेचा टायर जास्त दबतो, प्रत्येक फेऱ्याला वाकतो नि तापतो. वेग वाढला की ही उष्णता झपाट्यानं वाढते, आणि आतले थर सुटून टायर फुटू शकतो. इथे आरामाची किंमत जिवानं मोजावी लागते.

टिकाऊपणाचाही असाच गैरसमज आहे. नक्षी शिल्लक आहे म्हणजे टायर चांगला, असं आपण धरतो. लोखंडी धावेला हा हिशेब लागू होता, रबराला नाही. रबर उन्हानं नि वयानं कडक होतं, त्याला भेगा पडतात. टायरच्या भिंतीवर चार आकडी खूण असते : पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा.

तेव्हा निवड करताना गाडी कुठे जास्त चालते ते आधी पाहा. शहरातच फिरणं असेल तर आरामाचा टायर घ्यायला हरकत नाही. शेताच्या, खडीच्या वाटा रोजच्या असतील तर भक्कम भिंतीचा घ्या. कुठलाही घेतलात, तरी समृद्धीवर चढण्याआधी टायर थंड असताना गाडीच्या दारावर लिहिलेल्या आकड्याइतकी हवा भरा, आणि ती चार आकडी खूण वाचा.