जुना कोट, नव्या कोटावर

लंडनच्या सेंट जेम्स स्ट्रीटवर तीन नंबरला वाइनचं एक जुनं दुकान आहे. १६९८ साली बोर्न नावाच्या विधवेनं ते काढलं तेव्हा तिथे कॉफी मिळायची. पुढे चहा आणि मसाले आले. पोती तोलायला दुकानात मोठा तराजू होता, आणि १७६५पासून त्या तराजूवर पोत्यांच्या जागी गिऱ्हाईकं बसू लागली. घरोघरी वजनकाटे नव्हते. त्यामुळे आसपासच्या क्लबांतले उमराव आणि शौकीन लोक यायचे, तराजूत बसायचे आणि दुकानदार जाडजूड वहीत आकडा टिपून ठेवायचा. आकड्यापुढे कधी कधी बारीकशी नोंदही असे, बूट घातले होते की नाही, डोक्यावर हॅट होती की नव्हती याची. दोन-चार पौंडांचा प्रश्न असला की माणूस बुटांचाही हिशेब मागतो, हे त्या वह्यांना तेव्हाच कळलेलं होतं.

वहीतलं सगळ्यात प्रसिद्ध गिऱ्हाईक म्हणजे कवी लॉर्ड बायरन. १८०६ साली, वयाच्या अठराव्या वर्षाच्या आसपास, त्याचं वजन भरलं १३ स्टोन १२ पौंड, म्हणजे साधारण ८८ किलो. पुढच्या पाचेक वर्षांत त्यानं त्यातले पंचवीस किलोंहून जास्त उतरवले. कसे, ते त्यानं पत्रांत लिहून ठेवलंय. अंगात एकावर एक सात वेस्टकोट, त्यावर ओव्हरकोट, आणि त्या अवतारात घामानं निथळेपर्यंत क्रिकेट. दिवसातून जेमतेम एकदा जेवण, त्यातही मांस मोजून मापून. पुढच्या काळात बिस्किटं आणि सोडावॉटर, किंवा व्हिनेगरमध्ये भिजवलेले बटाटे. आज एखाद्या कॉलेजच्या पोरानं हे केलं तर आई त्याला हाताला धरून डॉक्टरकडे नेईल. बायरन मात्र कवी होता, आणि कवीनं फिकट, कृश दिसणं तेव्हा लोकांना शोभणारं वाटायचं.

याच रस्त्यावर बँटिंगांची पेढी होती. फर्निचर आणि घरसजावट हा तिचा एक धंदा, आणि दुसरा अंत्यविधीच्या व्यवस्थेचा. तोही साध्यासुध्या लोकांचा नव्हे. १८२० साली राजे तिसरे जॉर्ज गेले तेव्हापासून राजघराण्याच्या अंत्ययात्रा या पेढीकडे असत. १८५२मध्ये ड्यूक ऑफ वेलिंग्टनची अंत्ययात्रा निघाली. बारा घोडे जुंपलेला तो अवजड रथ वाटेत चिखलात रुतला. १८६१च्या डिसेंबरात राणी व्हिक्टोरियाचे पती प्रिन्स अल्बर्ट गेले, तेही काम बँटिंगांकडेच आलं. मेलेल्या माणसाचं माप घेऊन पेटी बनवायची आणि चारचौघांत सगळं गंभीर, शांत आणि नेटकं दिसेल असं बघायचं, ही या घराण्याची हातोटी होती.

त्या घराण्यातले विल्यम बँटिंग १८६२ साली सहासष्टीला टेकले होते. उंची पाच फूट पाच इंच, वजन २०२ पौंड, म्हणजे जवळपास ९२ किलो. आजच्या कुठल्याही शहरात या अंगाच्या माणसाकडे कोणी वळूनही बघणार नाही. पण बँटिंगांच्या आईकडे किंवा वडिलांकडे कोणीच जाड नव्हतं, आणि लहानपणापासून त्यांना लठ्ठपणाची एक भीती होती, शब्दांत सांगता न येणारी. तिशी उलटली आणि पोट सुटायला लागलं तेव्हा ती भीती खरी ठरू लागली. ते लगेच एका नावाजलेल्या सर्जनकडे गेले. सर्जन त्यांचे स्नेहीही होते. व्यायाम वाढवा, म्हणाले. बँटिंग नदीजवळ राहत होते, बोट हाताशी होती. रोज पहाटे दोन तास ते वल्हवू लागले. दंड घट्ट झाले, पण भूकही अशी कडाडून लागू लागली की वजन उलट वाढलंच. शेवटी त्याच सर्जननं सांगितलं, वल्हवणं सोडून द्या.

पुढची तीसेक वर्षं अशीच गेली. समुद्राची हवा झाली, समुद्रस्नानं झाली. लेमिंग्टन, चेल्टनहॅम, हॅरोगेट इथल्या औषधी पाण्याच्या वाऱ्या झाल्या. घोडेस्वारी, मैलोन्‌मैल चालणं, बाटल्यांमागून बाटल्या औषधं. एकदा उपासमार करून पाहिली, तर अंगावर गळवं उठली आणि दोन काळपुळ्या इतक्या वाढल्या की चिरून काढाव्या लागल्या. टर्किश बाथची टूम निघाली तेव्हा पन्नास बाथ घेतले. पन्नास बाथांत सहा पौंड उतरले. एका डॉक्टरनं समजूत घातली की वयाबरोबर अंग सुटणारच, माझंच बघा, जाणता झाल्यापासून वर्षाला एक पौंड या हिशेबानं मीही वाढतोय. दिलासा म्हणून ठीक आहे, पण औषध म्हणून कुचकामी.

हे सगळं आपल्याला ठाऊक आहे, कारण बँटिंगांनी स्वतः लिहून ठेवलं. त्या लिखाणातला पथ्याचा भाग पुढे जगभर गाजला, पण खरा ऐवज त्याच्या आधीच्या पानांत आहे. तिथे एक प्रतिष्ठित, सधन, वयस्कर व्यापारी सरळ सांगतो की वाकून बुटाची नाडी बांधता येत नव्हती. शरीरधर्माच्या साध्या गोष्टींनाही त्रास व्हायचा, आणि तो काय असतो हे जाड माणसालाच कळतं. बेंबीच्या हर्नियाला आधार म्हणून पोटाला पट्टा बांधावा लागे. जिना चढताना धाप लागे. आणि उतरताना? गुडघ्यांवर आणि घोट्यांवर हिसका बसू नये म्हणून ते जिन्याकडे तोंड करून, मागे मागे, एकेक पायरी हळूहळू उतरत. सहासष्टीचे गृहस्थ, राजघराण्याशी व्यवहार असलेले, आपल्याच घरात पाठमोरे जिना उतरतायत!

त्याहून जिव्हारी लागणारी गोष्ट घराबाहेरची होती. सभेत, घोड्यांच्या बसमध्ये, भर रस्त्यात लोक शेरे मारत. नाटकाला किंवा कुठल्या समारंभाला गेलं तर खुर्ची पुरत नसे. बहुतेकांसारखीच आपणही लोकांच्या बोलण्याची फारशी पर्वा करत नाही, असं बँटिंग म्हणतात, आणि लगेच कबूल करतात की अशा जागी जाणंच आपण टाळू लागलो. हे दुखणं शरीराचं कमी आणि घराच्या चार भिंतींत कोंडून घेण्याचं जास्त होतं. मराठीत जाड माणसाला ‘खात्यापित्या घरचा’ असं गोंडस नाव आहे. ते म्हणणाऱ्याला कौतुक वाटतं, ऐकणाऱ्याला काय वाटतं हे सहसा कोणी विचारत नाही.

त्या काळच्या इंग्लंडात जाड माणूस म्हणजे तमाशा होता, आणि तो पैसे देऊन बघायचा तमाशा. लेस्टरच्या तुरुंगावरचा डॅनियल लँबर्ट साडेसातशे पौंडांच्या जवळ गेला. पोटापाण्यासाठी १८०६ साली लंडनला येऊन तो पिकॅडिलीत लोकांना आपलं दर्शन देऊ लागला, माणशी एक शिलिंग. बायरन त्याच वर्षी तराजूत बसला होता, आणि पिकॅडिली तिथून हाकेच्या अंतरावर.

बँटिंगांची सुटका झाली ती कानामुळे. १८६२च्या ऑगस्टमध्ये ऐकू येईनासं झालं. एका कानाच्या डॉक्टरनं कान आतून पुसले, बाहेरून फोड आणणारं औषध लावलं, आणि मग तो सुट्टीवर गेला. त्याची सुट्टी हेच आपलं भाग्य, असं बँटिंग पुढे म्हणत. दुसरा डॉक्टर शोधावा लागला, आणि गाठ पडली सोहो स्क्वेअरच्या विल्यम हार्वे यांच्याशी. हार्वे पॅरिसला जाऊन क्लॉद बर्नार यांची व्याख्यानं ऐकून आले होते. यकृत साखर कशी तयार करतं आणि मधुमेहात काय बिघडतं, यावर बर्नार यांचं काम चाललं होतं. हार्वेंनी त्यातून स्वतःचा तर्क लढवला. साखर आणि पिठूळ पदार्थ बंद केले तर चरबी उतरेल, आणि कानातल्या नळीवर चरबीचा दाब असेल तर तोही जाईल.

बँटिंगांचं आधीचं खाणं असं होतं: सकाळी दूधसाखरेचा भरपूर चहा आणि लोणी लावलेला टोस्ट, जेवणात मांस, बिअर, पेस्ट्री आणि मनसोक्त पाव, रात्री पुन्हा दूध-पाव किंवा फळांचा टार्ट. पाव हा त्यांचा जीव की प्राण. हार्वेंनी सांगितलं, पाव, लोणी, दूध, साखर, बिअर आणि बटाटा बंद. बँटिंगांना धक्का बसला. यावरच तर आपण आयुष्यभर जगलो, मग आता खायचं काय?

खायला बरंच होतं. सकाळी चार-पाच औंस गोमांस, मटण किंवा भाजलेले मासे, बिनदुधासाखरेचा चहा आणि कोरड्या टोस्टचा तुकडा. दुपारी पुन्हा मासे किंवा मांस, बटाटा सोडून कुठलीही भाजी, आणि दोन-तीन ग्लास लाल वाइन. संध्याकाळी फळं, एखाददुसरा रस्क, चहा. रात्री पुन्हा थोडं मांस, वाइनचा ग्लास. झोपताना वाटलंच तर बिनसाखरेची जिन, व्हिस्की किंवा ब्रँडी. आजचा आहारतज्ज्ञ हे पथ्य वाचून कपाळावर हात मारून घेईल, पण भुकेनं कासावीस न होता पाळता आलेलं हे बँटिंगांचं पहिलंच पथ्य होतं. ते बंद केलेल्या पदार्थांना ‘माणसाचे बीन्स’ म्हणत. घोड्याला नेहमी चारा आणि दाणा, बीन्स कधीतरी विशेष प्रसंगी. तसंच म्हाताऱ्या माणसाचं आणि पावाचं, असा त्यांचा हिशेब.

दर तीन आठवड्यांनी वजन. २६ ऑगस्टला २०२ पौंड. नाताळच्या आदल्या दिवशी १८४. पुढे उतार मंदावला, काही वेळा तीन आठवड्यांत दोनच पौंड, पण काटा कधी उलटा फिरला नाही. वर्षभरानं १५६. सेहेचाळीस पौंड गेले, कंबर सव्वाबारा इंच आत आली. ऐकू येऊ लागलं. पट्टा सुटला. जिना पुढे तोंड करून उतरता येऊ लागला.

आणि तरी कोणाचा विश्वास बसेना. मित्रांचा नाही, खुद्द डॉक्टरांचाही नाही. तेव्हा बँटिंगांनी आपला जुना पोशाख काढला आणि अंगात असलेल्या नव्या कपड्यांवरून चढवला. आत एक पुरता कपडे घातलेला माणूस, वरून त्याच माणसाचा गेल्या वर्षीचा कोट, आणि तरीही जागा शिल्लक. सत्तावन्न वर्षांपूर्वी याच रस्त्यावर वजन करवून गेलेला बायरन घाम काढायला सात वेस्टकोट चढवायचा. बँटिंगांना साक्षीपुरावा म्हणून एकच कोट पुरला.

१८६३ साली त्यांनी हे सगळं ‘लेटर ऑन कॉर्प्युलन्स’ नावाच्या पुस्तिकेत छापलं, स्वखर्चानं, आणि फुकट वाटलं. डॉक्टरची जाहिरात वाटू नये म्हणून सुरुवातीला हार्वेंचं नावही घातलं नाही. मागणी वाढली तशी तिसरी आवृत्ती विकायला काढली, किंमत एक शिलिंग. लँबर्टला बघायला जे द्यावं लागे तेवढंच. नफा धर्मादाय संस्थांना गेला. पत्रांचा ढीग पडला. अनोळखी लोक आपलं वजन, कंबर, लाजा आणि फसलेले उपाय सविस्तर कळवू लागले. पथ्याच्या गुण-अवगुणांबद्दल काहीही म्हणा, ‘मलाही नाडी बांधता येत नव्हती’ असं दुसऱ्याला लिहिता येण्याची सोय या माणसानं करून दिली, आणि माझ्या मते त्या शिलिंगची खरी किंमत तीच.

वैद्यकीय जगतानं मात्र त्यांना चांगलंच झोडपलं. यात नवं काही नाही, असं काहींनी म्हटलं. हे धोक्याचं आहे, असं काहींनी म्हटलं. काहींनी दोन्ही म्हटलं. ‘लॅन्सेट’नं त्यांना वैद्यकीय लिखाणाच्या वाटेला न जाता आपला धंदा सांभाळायचा सल्ला दिला. शवपेट्यांच्या व्यापाऱ्याला ‘आपला धंदा सांभाळा’ म्हणणाऱ्या डॉक्टरांना त्यातला विनोद दिसला की नाही, कोण जाणे. हार्वेंचीही टवाळी झाली. त्यांनी १८७२मध्ये स्वतःचं पुस्तक काढून बाजू मांडली.

लोकांनी तोवर आडनावाचं क्रियापद करून टाकलं होतं. ‘तू बँटिंग करतोस का?’ असं इंग्लंडात विचारत. मराठी माणसाला हे नवं नाही. २०१८च्या सुमारास लग्नाच्या पंगतीत ‘दीक्षित की दिवेकर?’ या प्रश्नाचं उत्तर दिल्याशिवाय जिलबीला हात लावता येत नव्हता. या दोन आहारसल्लागारांपैकी एक म्हणत दिवसातून दोनदाच जेवा, दुसऱ्या म्हणत थोड्या थोड्या वेळानं खा, आणि पंगतीतले काका दोन्ही पाळत असल्याचं सांगून मठ्ठा मागत. डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी मूळ कल्पनेचं श्रेय श्रीकांत जिचकारांना दिलं, जसं बँटिंगांनी हार्वेंना दिलं. दक्षिण आफ्रिकेत तर डॉ. टिम नोक्स यांनी बँटिंग हे नावच पुन्हा चलनात आणलं. बाळाला वरचं खाणं काय द्यावं याबद्दलच्या २०१४च्या एका ट्वीटवरून वैद्यकीय परिषदेनं त्यांची चौकशी मांडली. २०१७मध्ये ते निर्दोष ठरले.

इंग्रजीतून ते क्रियापद पुढे मागे पडलं. स्वीडिश भाषेत मात्र ते मुक्कामाला राहिलंय. तिथे आजही वजन उतरवायला पथ्य करण्याला ‘बांता’ म्हणतात.

विल्यम बँटिंग १८७८ साली, एक्याऐंशीव्या वर्षी वारले. पेढी चालत राहिली. १९०१मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या अंत्यविधीचं कामही तिच्याकडेच होतं, आणि १९२८ला राजघराण्याशी असलेला तिचा तो संबंध संपला. तीन नंबरच्या दुकानातला तराजू अजून जागेवर आहे.