केबिन-प्रवेश, शिडाच्या छोट्या बोटीतील

शिडाच्या बोटीच्या मागच्या भागातील उघड्या कॉकपिटमधून छपराखालच्या केबिनमध्ये उतरण्याची वाट, आणि ती वापरायला सोपी करण्याच्या रीती. इंग्रजीतील ‘कंपॅनियनवे’ हे या वाटेचे रूढ नाव. ‘कंपॅनियन’ म्हणजे सोबती, असे ऐकताना वाटते. पण बोटीवरचा हा शब्द डच भाषेतून आलेला आहे. तेथे तो जहाजाच्या मागच्या बाजूच्या वरच्या डेकसाठी वापरत, आणि त्याच्याही मागे शिधाखोलीचा अर्थ असलेला इटालियन शब्द आहे. या नोंदीत साधारण ६ ते ९ मीटर लांबीच्या बोटींचा विचार केला आहे. याहून मोठ्या बोटीत बेताचा जिना बसवायला जागा मिळते. याहून लहान बोटीत बहुधा केबिनच नसते.

घराचे दार भिंतीत असते आणि माळ्याची वाट छतात. बोटीची ही वाट अर्धी भिंतीत व अर्धी छपरात असते. केबिनच्या मागच्या भिंतीत उभी फट असते आणि तिला लागूनच छपरात दुसरी आडवी फट. छपरावरची फट सरकत्या झाकणाने बंद होते. भिंतीतली फट बंद करायला दोन-तीन फळ्या वरून खाचेत सोडतात. त्यांना वॉशबोर्ड म्हणतात. फटीच्या तळाशी उंबरा असतो. पुष्कळ बोटींत तो कॉकपिटच्या बाकाइतका उंच असतो आणि त्याला जोडून बाकाच्याच पातळीचा एक आडवा पट्टा असतो, तो ब्रिजडेक. उंबऱ्याच्या आत शिडी. शिडीमागे इंजिन असते. बोट बाहेर टांगलेल्या आउटबोर्ड इंजिनावर चालत असेल तर तेथे बॅटरी, पाण्याची टाकी किंवा बर्फपेटी ठेवतात.

अवघडपणाचे मूळ साध्या बेरजेत आहे. उंबऱ्याच्या माथ्यापासून केबिनच्या तळफळीपर्यंत ११० सेंमी अंतर आहे असे धरू. मध्ये एकच पायरी असेल तर प्रत्येक पाऊल ५५ सेंमीचे, म्हणजे स्टुलावरून उडी मारल्यासारखे. दोन पायऱ्या असतील तर सुमारे ३७ सेंमी, तीन असतील तर २७.५ सेंमी. घरातल्या जिन्याची पायरी १५ ते १९ सेंमी उंच असते. तेवढी उंची बोटीत आणायची तर शिडी केबिनमध्ये पुढे सरकते आणि उभे राहायची, चहा करायची जागा खाऊन टाकते. शिडीसाठी ४० सेंमी जागा सोडली तर ११० सेंमीच्या उतारासाठी तिचा कोन जवळजवळ ७० अंश होतो. इतक्या उभ्या शिडीवरून पुढे तोंड करून उतरणे धोक्याचे आहे. शिडीकडे तोंड आणि पाठ नाळेकडे, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाकडे, असेच उतरावे. नवख्या पाहुण्याला हे आधी सांगावे लागते, कारण दार दिसले की माणूस सवयीने पुढे तोंड करून आत शिरतो.

वाट सोपी करायची म्हटली की पहिला मोह उंबरा कापून खाली आणण्याचा होतो. हा मोह टाळलाच पाहिजे. मागून आलेली लाट कॉकपिट भरून टाकते. ते पाणी बाहेर जाईपर्यंत केबिनला वाचवतो तो हा उंबराच. कॉकपिटच्या जलरोधकतेविषयीचे आंतरराष्ट्रीय मानक आयएसओ ११८१२ हे आहे. त्यात उंबऱ्याची किमान उंची बोट कोणत्या वर्गाच्या पाण्यासाठी आहे त्यावर ठरते: आश्रयाच्या खाडीत फिरणाऱ्या बोटीला कमी, खुल्या समुद्राच्या बोटीला जास्त.

या वाटेची किंमत १९७९ च्या ऑगस्टमध्ये मोजली गेली. इंग्लंडमधील काउझहून आयर्लंडजवळच्या फास्टनेट खडकाला वळसा घालून प्लिमथला येणाऱ्या शर्यतीत ३०३ बोटी होत्या. वादळात १५ स्पर्धक मृत्युमुखी पडले, २४ बोटी खलाशांनी सोडून दिल्या आणि त्यांतल्या ५ बुडाल्या. नंतरच्या चौकशी अहवालाने केबिनच्या मुख्य वाटेच्या रचनेवर बोट ठेवले. अनेक बोटींत ही फट वर रुंद आणि खाली अरुंद होती. अशा फटीतली फळी थोडी वर उचलली की लगेच खाचेतून सुटते. रोजच्या वापराला ते सोयीचे, पण बोट आडवी झाली की फळ्या गळून समुद्रात जातात आणि केबिन उघडी पडते. म्हणून आज खुल्या समुद्रातील शर्यतींच्या नियमांत दोन गोष्टींची सक्ती आहे. फळ्या दोरीने बोटीला बांधलेल्या असाव्यात, आणि झाकण आतून व बाहेरून, बोट उलटी झाली असतानाही, बंद-उघड करता आले पाहिजे. प्रवेश सोपा करणारी प्रत्येक दुरुस्ती या दोन कसोट्यांवर घासून पाहावी.

उंबरा जागचा हलवायचा नाही, तर पायऱ्या त्याच्या दोन्ही बाजूंना वाढवायच्या. आतल्या शिडीचा विचार सगळे करतात, कॉकपिटची बाजू मात्र विसरतात. कॉकपिटच्या तळात उभ्या माणसाला ब्रिजडेकवर चढायला ४० ते ४५ सेंमी पाय उचलावा लागतो. गुडघे दुखणाऱ्याची खरी अडचण अनेकदा हीच असते. तेथे २० सेंमी उंचीची एक काढती पायरी ठेवली तर चढ निम्मा होतो. ती खटक्याने घट्ट बसावी आणि तिच्याखालून पाणी निचऱ्याच्या भोकांकडे मोकळे वाहावे. आत शिडीला एक पायरी वाढवता येत नसेल, तर भिंतीला बिजागरीवर लटकणारी घडीची पायरी बसवतात. उतरताना उघडायची, एरवी मिटवून ठेवायची. बर्फपेटी किंवा शौचकूपाची पेटी पायरी म्हणून वापरण्याची पद्धतही जुनी आहे, आणि छोट्या बोटीत ती शहाणपणाची आहे. मात्र पेटी तळफळीला पट्ट्याने किंवा खुंटीने बांधलेली हवी. सुटी पेटी पहिल्याच मोठ्या लाटेबरोबर सरकते, आणि पाय तिच्या भरवशावर सोडलेला असतो.

पायरी कशी असावी, यात सुतारकामाची सारी समज दिसते. वाऱ्यावर जाताना बोट एका बाजूला कलते. २० अंश कलणे नेहमीचेच. तेव्हा ४० सेंमी रुंद सपाट पायरीचे एक टोक दुसऱ्यापेक्षा सुमारे १४ सेंमी वर जाते आणि ओला बूट खालच्या टोकाकडे घसरतो. जुन्या कारागिरांनी यावर तोडगा काढला आहे. पायरीची दोन्ही टोके पसरट होडक्यासारखी वर वळवायची. बोट डावीकडे कलली की डावे टोक आडवे होते, उजवीकडे कलली की उजवे, आणि पायाला दर वेळी सपाट जागा मिळते. सपाट पायरीवरही हे साधता येते: दोन्ही टोकांना लाकडी पाचरी एपॉक्सीने चिकटवून वरून स्क्रू मारायचे. पायरीची खोली निदान १३ ते १५ सेंमी असावी आणि मागची बाजू उघडी, म्हणजे पायाची बोटे आत जातात. इंजिनाच्या पेटीला टेकवलेल्या शिडीत ही मोकळीक नसते. तेथे टाच हवेत राहते आणि सारा भार चवड्यावर येतो. पायरीला चकचकीत वार्निश कधीही लावू नये. साग तसाच कोरा ठेवावा, किंवा वार्निशवर खरखरीत पट्टी चिकटवावी.

तरीही पायांपेक्षा हातांचे महत्त्व जास्त आहे, आणि या कामातली सर्वांत स्वस्त व सर्वांत गुणकारी दुरुस्ती म्हणजे नीट जागी बसवलेली मूठ. साठीच्या माणसाचे उतरणे पाहावे. तो ब्रिजडेकवर येतो, वळतो, एक पाय आत सोडून पहिली पायरी चाचपतो. या क्षणी त्याचे हात काय शोधतात? बहुधा सरकत्या झाकणाची कड सापडते, आणि झाकण सरकते. तेथे फटीच्या दोन्ही बाजूंना उभ्या मुठी असतील, वरचे टोक पहिल्या पायरीवर उभ्या माणसाच्या खांद्याशी येईल अशा, तर तोच माणूस दोन हात व एक पाय असे तीन आधार सतत राखून बिनघोर उतरतो. आत गेल्यावर छपराखाली दोन्ही बाजूंनी आडवा दांडा हवा, म्हणजे शेवटची पायरी सोडताना हात रिकामा पडत नाही. मूठ आणि भिंत यांत ४ ते ५ सेंमी अंतर असावे, नाहीतर बोटांची पेरे सोलवटतात. ती स्क्रूवर कधीच बसवू नये. आरपार बोल्ट आणि मागे पत्रा हवा, कारण बोट हेलकावली की पूर्ण वाढलेल्या माणसाचे वजन एका झटक्यात तिच्यावर येते.

झाकण जड चालत असेल तर ते ओढायला दोन्ही हात लागतात आणि धरायला एकही उरत नाही. खाचेतील वाळू व मीठ गोड्या पाण्याने धुऊन, वाळल्यावर मेणबत्ती घासली तरी पुष्कळ फरक पडतो. शिडीच्या पायथ्याशी मंद लाल दिवा असावा. लाल उजेडाने अंधाराला सरावलेली नजर बिघडत नाही. शिडी सहसा आकड्यांवर अडकवलेली असते, इंजिनापर्यंत पोचता यावे म्हणून. आकड्यांना खाली कडी किंवा पिन नसेल तर बोट आडवी झाल्यावर शिडी सुटून केबिनमध्ये भिरकावली जाते.

काही बोटींनी आत उतरण्याचा हा प्रश्न छपरातून सोडवला. अमेरिकेत फ्रँक बटलर यांनी आखलेली कॅटालिना २२ ही सुमारे साडेसहा मीटरची बोट १९६९ पासून बांधली गेली आणि १५ हजारांहून अधिक संख्येने खपली. या नमुन्याच्या अनेक बोटींत केबिनच्या छपराचा मधला भाग चार खांबांवर वर उचलता येतो. त्याला पॉप-टॉप म्हणतात. नांगरावर असताना माणूस जवळजवळ ताठ चालत आत जातो. बोट चालू असताना मात्र छप्पर खाली बसवून घट्ट करावे लागते, म्हणजे लाटांत ही सोय उपयोगाची नाही.

शिडाच्या बोटींशी मुंबईचे एक खरे नाते आहे. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची ३२ फुटी ‘सुहैली’ १९६० च्या दशकात मुंबईत सागवानात बांधली गेली, आणि तिच्यातून त्यांनी १४ जून १९६८ ते २२ एप्रिल १९६९ या काळात एकट्याने, कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा केली. तिच्याच धर्तीवर गोव्यात बांधलेल्या ‘थुरिया’तून अभिलाष टॉमी अशाच एकट्याच्या पृथ्वीप्रदक्षिणेच्या, २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत उतरले. त्या सप्टेंबरमध्ये हिंदी महासागराच्या दक्षिण भागात वादळाने बोटीची डोलकाठी मोडली, टॉमींच्या पाठीला जबर दुखापत झाली आणि ते केबिनमध्ये अंथरुणाला खिळले. फ्रान्सच्या ‘ओसिरिस’ या गस्ती जहाजाच्या लोकांनी त्यांना सोडवले. निकामी झालेल्या माणसाला बाहेर काढायची वाटही हीच असते, हे फटीची रुंदी ठरवताना ध्यानात ठेवावे.

भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर पावसाळ्यात छोट्या यॉट पाण्याबाहेर काढून ठेवतात. त्या वेळी बोट समतल असते, ओळंब्याची मापे खरी येतात आणि सुताराला निवांत काम करता येते. मापे घेताना बोटमालकाने स्वतःच्या पायांवर विसंबू नये. बोटीवर येणाऱ्यांपैकी सर्वांत वयस्कर आणि सर्वांत बुटक्या माणसांना बोलवावे, त्यांना दोनदा उतरायला-चढायला सांगावे, आणि त्यांचा हात आपसूक जेथे जातो तेथे खडूने खूण करून मूठ तेथेच बसवावी.